सोनवणे मास्तरांची मितला

सोनवणे मास्तर आधी माणसाचा सदरा बघत आणि मग चेहरा. वरच्या खिशात धागे मोजायची घडीची काच कायम असायची. ओळख करून द्यायला कोणी पुढे आलं की मास्तर त्याच्या सदऱ्याचं खालचं टोक दोन बोटांत धरत, त्यावर काच ठेवत, एक डोळा मिटत आणि वाकून बघत राहत. समोरचा माणूस अवघडून उभा. मग काच खिशात टाकून वर बघत नि विचारत, "हां, नाव काय म्हणालात?"

माझी पहिली भेट अशीच झाली. मी परभणीकडचा. सुरतेत कतारगामच्या एका साड्यांच्या कारखान्यात कार्ड मारायच्या कामाला लागलो, तो पहिला दिवस. मास्तर तिथे डिझायनर होते. माझ्या सदऱ्यावर वाकून ते म्हणाले, "ताणा चांगला शे, बाणा कच्चा. गावाकडचा कापड दिसतो. माणूसबी गावाकडचाच का?" मी मान हलवली. "मग जमेल आपलं," असं म्हणून त्यांनी टेबलाच्या या बाजूला माझ्यासाठी स्टूल ओढलं. त्या स्टुलावर मी चौदा वर्षं बसलो.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. साडीचा काठ आधी कागदावर जन्मतो. चौकटीचौकटीचा ग्राफ कागद असतो, त्यातली काही घरं डिझायनर रंगवतो, काही कोरी सोडतो. ग्राफची एक ओळ म्हणजे एक कार्ड. कार्ड मारणारा ती ओळ वाचतो आणि रंगवलेल्या प्रत्येक घरासाठी पुठ्ठ्यावर एक भोक पाडतो. अशी शेकडो कार्डं माळेसारखी ओवून मागावर चढवली की कापडावर तेच चित्र उमटतं. डिझायनर विचार करतो, कार्ड मारणारा करत नाही. त्याने करायचाही नसतो. ग्राफमध्ये दिसेल तेवढंच मारायचं, हे मला मास्तरांनीच शिकवलं. "तुझं डोकं घरी ठेवून ये, सुदामभाऊ," ते म्हणत. "डोळे तेवढे इकडे आन."

मास्तर मूळचे अमळनेरकडच्या एका खेड्यातले. कारखान्यात आमच्याशी मराठी बोलत, त्यात अहिराणी शिरायची. कारखान्याच्या मालकाशी, शेठशी, गुजराती. लिंबायत वस्तीतल्या घरी बायकोशी, कमलवहिनींशी, मात्र निव्वळ अहिराणी. सकाळी आम्ही दोघं लिंबायतहून सायकलींवर निघायचो. वाटेत भिंत दिसली की त्यांची सायकल हळू व्हायची. विटांची असो, जाळीची असो, मशिदीच्या कमानीची असो. "दख, हाई चाल दख," म्हणत ते बोटाने हवेत घरं मोजायचे. मागून टेम्पोवाला शिव्या द्यायचा, "काका, मरवुं छे?" मास्तर त्याला हात करून पुढे जाऊ द्यायचे.

मितला त्यांना रद्दीच्या दुकानात सापडली. कार्डं बांधायला जुना कागद आणायला ते गेले होते. तिथे एक फाटकं परदेशी मासिक होतं, आणि त्यात मेक्सिको देशातल्या एका पडक्या गावाची रंगीत चित्रं. युरोपातले लोक तिकडे पोचण्याच्या आधीचे राजवाडे. त्यांच्या भिंतींवर लहान लहान घडीव दगडांची नक्षी, चुन्याशिवाय एकाला एक घट्ट बसवलेली. पायऱ्या चढत जातात, आत वळतात, भोवरा होतो, पुन्हा पायऱ्या. मास्तर मासिक घेऊन थेट माझ्या स्टुलापाशी आले. इतके धापा टाकत होते की मला वाटलं घरी काहीतरी झालं. ते पान माझ्यापुढे धरून म्हणाले, "हे दगड नाहीत भाऊ. हा काठ शे. कोणीतरी आधी विनला, मग दगडात उतरवला."

इंग्रजी त्यांना येत नव्हतं. आमच्या वस्तीतल्या मराठी शाळेच्या एका गुरुजींनी तो लेख त्यांना एकदा वाचून मराठीत सांगितला. एकदाच. पण मास्तरांना तो पाठ झाला. त्या गावाचं नाव मितला. आजूबाजूला अजून वस्ती आहे, आणि जवळच्याच तेओतितलान नावाच्या गावात घरोघरी माग आहेत. तिथले लोक निवडुंगावरच्या किड्यांपासून लाल रंग काढतात आणि मितलाच्या भिंतीची नक्षी लोकरीत विणतात. त्लाकोलुला नावाच्या गावी रविवारचा मोठा बाजार भरतो. मास्तरांनी ही सगळी गावं आमच्याकडे आणून बसवली. विणकरांचं तेओतितलान म्हणजे आपलं लिंबायत. बाजाराचं त्लाकोलुला म्हणजे कामरेज. एकदा कामरेजच्या बाजारात वांगी निवडताना त्यांनी भाजीवालीला सांगितलं, "मावशी, तुमच्यासारखा बाजार मेक्सिकोत भरतो." ती म्हणाली, "तां रींगणां शुं भाव?" म्हणजे तिथे वांगी काय भाव. मास्तरांना पुढे महिनाभर हे पुरलं. काही महाग झालं की म्हणायचे, "मेक्सिकोत काय भाव असेल?"

लेखातली एक गोष्ट मात्र ते हसून सांगत नसत. स्पॅनिश लोक आल्यावर त्यांनी राजवाड्याचे दगड काढून तिथेच आपलं चर्च बांधलं. "दगड तेच," मास्तर म्हणायचे. "हात कुणाचे लागले होते, कोण विचारतो?" मी तेव्हा हुंकार भरायचो. कार्डं मारत असायचो.

मितलाच्या भिंतीवरून मास्तरांनी काठाचे तीन ग्राफ केले. वर्ष गेलं त्यात. तिसरा सर्वांत चांगला. त्यात पायऱ्यांच्या एका रांगेत मधली सहा घरं कोरी होती. चित्रातल्या भिंतीत त्या जागी एक दगड निखळून पडला होता. मास्तरांनी ती जागा तशीच ठेवली. शेठनी तो ग्राफ बघितला आणि त्या खळग्यावर बोट ठेवलं.

"मास्तर, आ शुं छे?"

"दगड पडला आहे, शेठ. भिंत जुनी आहे."

"ग्राहक भिंत नथी लेतो, साडी ले छे. एने लागशे माल खोटो छे. खाडो पुरी नाखो."

मास्तरांना शेठशी हुज्जत घालताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. तीनदा केबिनमध्ये गेले. शेवटी एवढंच मागितलं की एका मागावर एकच साडी, खळग्यासकट, विणून द्या. कमलवहिनींना त्यांनी पहिली साडी कबूल केली होती. शेठ म्हणाले, माग बायकोसाठी नाही लावले. मग मास्तरांनी कारखान्यासाठी दुसरा ग्राफ काढला, त्यात सहा घरं भरली, आणि मला दिला. मी कार्डं मारली. साडी चांगली चालली. मूळ ग्राफ मास्तरांनी गुंडाळून आपल्या लोखंडी कपाटात ठेवला. ठेवताना मला म्हणाले, "हाई मनी मितला, माझी. ती बाहेर गेली ती रंगसफेदी केलेली."

वहिनी कधी विषय निघाला की, ती साडी आता मेल्यावरच मिळायची म्हणून, चिडवायच्या, "माले काय, मी मरसू तधय भेटी." मास्तर म्हणायचे, "भेटेल. खड्ड्यासकट भेटेल."

मग चौऱ्याण्णवचा प्लेग आला. गणपती बुडवून जेमतेम दोन-चार दिवस झाले होते. बातमी फुटली आणि अर्धं शहर स्टेशनवर. कारखाने बंद झाले. लिंबायतच्या गल्ल्या एका दिवसात ओस पडल्या. मास्तर वहिनींना घेऊन गावी निघाले. मी एकटा माणूस, मी थांबलो. निघताना मास्तर माझ्या दारात आले, पिशवी खांद्याला, तोंडाला पंचा बांधलेला. करगोट्याला बांधलेली कपाटाची चावी सोडून त्यांनी माझ्या हातात दिली. त्या वर्षी पुराचं पाणी कारखान्याच्या पायरीपर्यंत आलं होतं, कपाट ओलं होतं. "दोन दिवसाआड उघड. कागद बाहेर काढ, उन्हं दाखव, परत ठेव. दुसऱ्या कोणाच्या हाती देऊ नको." इतक्या वर्षांत ती चावी वहिनींच्याही हातात गेली नव्हती.

मी तसंच केलं. दोन दिवसाआड सायकलवर कतारगामला जायचो, चौकीदार फाटक उघडायचा, मी ग्राफ टेबलावर पसरून खिडकी उघडायचो. अशाच एका दुपारी रिंग रोडवरच्या मार्केटमधला एक व्यापारी, किशोरभाई, आपल्या अडकलेल्या मालाची चौकशी करायला आला. टेबलापाशी थबकला. मितलाचा मूळ ग्राफ उन्हात पसरला होता. बराच वेळ बघून त्याने मला विचारलं, "मास्तर, आ तमे बनाव्युं?"

चौदा वर्षांत मला कोणी मास्तर म्हटलं नव्हतं. मी बारा जणांचे ग्राफ वाचले होते, लाखो भोकं पाडली असतील, आणि साडीचं कौतुक व्हायचं तेव्हा मी स्टुलावर असायचो. मी दुरुस्ती करू शकलो असतो. एक शब्दही लागला नसता, मान हलवली असती तरी चाललं असतं. मी म्हणालो, "हां."

तो म्हणाला, "मने कॉपी करी आपो. तमारुं नाम थशे." मी पैसे घेतले नाहीत. हे सांगतो ते स्वतःला हलकं करण्यासाठी नव्हे. पैसे घेतले असते तर निदान गरज होती असं म्हणता आलं असतं. मला फक्त ते नाव हवं होतं. मी चार दुपारी मास्तरांच्या टेबलावर बसून, त्यांच्याच पेन्सिलीने, घर मोजून घर रंगवलं. नक्कल किशोरभाईला दिली. मूळ ग्राफ गुंडाळून कपाटात ठेवला, चावी लावली. दिवाळीनंतर मास्तर परतले, कपाट उघडून कागद हुंगले आणि म्हणाले, "वासबी नाही ओलीचा. वा, सुदामभाऊ." जाताना माझ्यासाठी गावाकडून आणलेली भरताची वांगी पिशवीभर दिली.

संक्रांतीच्या सुमाराला शेठनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक साडी पडली होती, दुसऱ्या पार्टीची. काठ मितलाचा. मास्तरांनी सवयीने काच काढली, काठावर ठेवली, आणि वाकलेले वर आलेच नाहीत. खळगा होता. सहा घरांचा.

शेठचं गणित सरळ होतं. आपल्या साडीत खळगा नाही. म्हणजे ही आपल्या कापडावरून उतरवलेली नाही, मूळ ग्राफवरून उतरवली आहे. मूळ ग्राफ मास्तरांच्या कपाटात. आणि खळगा भरायचा नाही म्हणून भांडत कोण होतं? "अहीं न चाल्युं एटले बीजे वेची आव्या," शेठ म्हणाले, म्हणजे इथे चाललं नाही म्हणून दुसरीकडे विकून आलात.

मास्तरांचा मागावरचा एक नियम होता. तार तुटलेली ज्याला दिसली, गाठ त्यानेच मारायची. दुसऱ्याला हाक मारून बोट दाखवायचं नाही. त्या दिवशीही त्यांनी माझ्यावर आरोप केला नाही, गाठ माझ्यावर सोडली. काच हातात धरून ते माझ्याकडे बघत राहिले आणि शेठना म्हणाले, "प्लेगात चावी कुणाकडे होती, ते ह्याला विचारा."

शेठनी मला विचारलं. केबिनच्या काचेतून बाहेरचे माग दिसत होते. मी त्यांच्याकडे बघत म्हणालो, "मास्तरांकडेच होती. ते कोणालाच देत नाहीत."

आणि हे सगळ्यांना खरं वाटलं, कारण ते खरोखरच कोणाला देत नसत. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. काच घडी करून खिशात टाकली, आपल्या टेबलावरून डबा उचलला आणि बाहेर पडले. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा एकटा सायकलवर लिंबायतला गेलो.

किशोरभाईकडे माझं नाव झालं नाही. त्याला नक्कल हवी होती, ती मिळाली. पण आमच्या शेठना डिझायनर हवा होता, आणि मितलाचे ग्राफ वाचता येणारा मीच होतो. त्यांनी मला मास्तरांच्या खुर्चीवर बसवलं. वस्तीत दोन गोष्टी पसरल्या. एक, सोनवणे मास्तरांनी शेठचं डिझाइन विकून खाल्लं. दोन, सुदामभाऊने बुडता कारखाना सावरला. वस्तीच्या गणपतीत मला नारळ आणि शाल मिळाली. बोलणारा म्हणाला, मितला काठवाले आपले सुदाम मास्तर. मास्तरांना तोवर सुरतेत कोणी कामाला ठेवेना. खोली सोडून ते बारडोलीकडे गेल्याचं कळलं.

मला तिथे जायला तीन वर्षं लागली. उसाचा हंगाम होता, रस्ताभर गाड्या. एका कंत्राटदाराच्या शेडमध्ये मास्तर साखरेची फाटकी पोती शिवत होते. दाभण, सुतळी, मांडीवर गोणपाट. मी मुद्दाम चांगला सदरा घालून गेलो होतो. कितीदा मनात ठरवलं होतं: ते टोक धरतील, काच लावतील, वाकतील, आणि त्यांचं तोंड खाली असतानाच मी सांगून टाकीन.

मास्तरांनी सदऱ्याकडे बघितलं नाही. सरळ माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. काच खिशात होती, मला तिची कड दिसत होती.

"या," ते म्हणाले. मग शेडमागच्या खोलीकडे तोंड करून, "कमल, दख वं, कोण उना. चहा ठेव."

वहिनी चहा घेऊन आल्या. अंगावर साडी होती, धुऊन धुऊन फिकी झालेली. मी कप घेताना काठ माझ्या डोळ्यांसमोर आला. पायऱ्या, वळण, भोवरा, पायऱ्या. आणि मधे सहा घरं रिकामी.

"बरोबर आहे ना?" मास्तर म्हणाले. "शेठच्या केबिनमधून निघालो, तो सरळ मार्केटला गेलो. ही विकत घेतली. हिला कबूल केली होती ना. घरी आणून पूर्ण काठ वाचला, काच लावून. चावीचं तर मला माहीत होतंच. पण मन म्हणायचं, सुदामभाऊनं भोळेपणानं कोणाला कपाट उघडून दाखवलं असेल, दुसऱ्यानं उचललं असेल. मग काठ वाचला. एक घर इकडचं तिकडे नाही. डिझायनरनं चोरलं असतं तर स्वतःचं काही घातलं असतं. निदान खड्डा भरला असता. हा कार्ड मारणाऱ्याचा हात. दिसलं तेच मारलं."

वहिनी दाराला टेकून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "चहा प्या. थंडा होईल."

"मास्तर, मी..." एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"मला कशाला सांगता?" ते म्हणाले. आमच्या पहिल्या दिवसानंतर त्यांनी मला 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. "मला माहीत शे. ज्यांना माहीत नाही, त्यांना सांगा." आणि दाभण उचलून त्यांनी पोतं पुन्हा मांडीवर ओढलं. मी चहा संपवला. कप कुठे ठेवावा तेही कळेना. वहिनींनी तो माझ्या हातातून घेतला.

पुढच्या वर्षी मास्तर वारले. खबर मला गणपतीच्या मांडवात कळली. सांगणारा म्हणाला, "तो डिझाइन विकणारा सोनवणे गेला म्हणे." आजूबाजूला आठ-दहा माणसं होती, सगळी मला ओळखणारी. ज्यांना माहीत नाही अशीच. मी आरतीचं तबक हातात घेऊन उभा होतो, तसाच उभा राहिलो.

तेव्हापासून आजवर मी गप्प होतो. कारखाना बंद झाला, त्या मांडवातली निम्मी माणसं गेली, माझेही दिवस सरत आले. सुरतेत, खानदेशात, कुठेतरी जुन्या पेटाऱ्यांत अजून तो काठ असेल. तुमच्याकडे असला तर बाहेर काढा. पायऱ्या सलग असतील तर ती शेठची साडी. मधे सहा घरं कोरी असतील तर ती चोरीची, आणि ती अगदी बरोबर आहे. दोन्ही वामन सोनवणे यांच्या. माझं त्यांत एकही घर नाही. मास्तरांनी डिझाइन विकलं नाही. प्लेगात ते गावी होते, आणि कपाटाची चावी माझ्याकडे होती.